सुभेदार आणि ओढ्यापलीकडची माणसं

आमच्या वसाहतीत आजारी माणसाच्या खाटेजवळ सुभेदारांना शक्यतो कुणी बसू देत नसे. त्यांना खोटा धीर देता येत नसे, हे कारण. माझ्या सासऱ्यांचं उजवं अंग लुळं पडलं तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण "महिनाभरात चालायला लागाल" असं सांगून, चहा पिऊन जात होता. सुभेदार तेव्हा सुट्टीवर आले होते. त्यांनी सासऱ्यांचा पडलेला हात हातात घेतला, बोटं एकेक करून वाकवून पाहिली आणि म्हणाले, "अण्णा, हा हात पहिल्यासारखा होईल असं मला वाटत नाही. डाव्या हातानं जेवायला शिका. मी शिकवतो." सासूबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. पण सुट्टी संपेपर्यंत सुभेदार रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसले आणि भाताचा घास डाव्या हातानं कसा उचलायचा ते शिकवत राहिले. सासरे शेवटपर्यंत त्याच हातानं जेवले.

आमची त्यांची भिंत एकच. वसाहत नाशिकच्या सातपूर भागातली, कारखान्यांतल्या कामगारांनी पै-पै करून उभी केलेली. बहुतेक घरं बौद्धांची. सुभेदारांचे वडील एका कारखान्यात वेल्डर होते. मुलगा बारावी होताच सैन्यात भरती झाला आणि पूल बांधणाऱ्या पलटणीत गेला. लोखंडाच्या चौकटी एकमेकींना जोडून ओढ्या-नद्यांवर उभे करायचे आणि काम झालं की उकलून न्यायचे, असे पूल. शिपायाचा सुभेदार होईपर्यंत त्यांचं मूळ नाव वसाहत विसरून गेली. त्यांची बायको शोभावहिनीसुद्धा "सुभेदार जेवले का?" असंच विचारायची. वहिनी अंगणवाडी सेविका. लहान पोरांपुढे गाणी म्हणेल, नाचेल. चार मोठी माणसं समोर आली की मान खाली. मला सुभेदार "बाई" म्हणत, मी हायस्कुलात मराठी शिकवते म्हणून.

गोदावरीला पूर आला की सगळं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघायला जातं. सुभेदार सुट्टीवर असले तर तेही जायचे, पण मारुतीकडे पाठ करून उभे राहायचे आणि जुन्या पुलाचे खांब बघत बसायचे. एकदा मी विचारलं, "काय बघताय एवढं?"

"पाणी खांबाला कुठं खातंय ते. बाई, पुलाला पाणी वरून कधीच पाडत नाही. पायाशी माती खात बसतं, आणि आपण वर फोटो काढत असतो."

निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना श्रीलंकेत तो भयंकर पूर आला. वादळ, मग दिवसचे दिवस पाऊस, मग मधल्या डोंगराळ भागात दरडी. गावंच्या गावं चिखलाखाली गेली. आपल्या सरकारनं विमानं पाठवली, जहाजं पाठवली. तांदूळ, औषधं, तंबू, डॉक्टर. रस्ते तुटले होते म्हणून लोखंडी पूल आणि ते जोडणारी माणसंही पाठवली. त्या माणसांत सुभेदार होते. वसाहतीला फार अभिमान वाटला. वहिनी माझ्याकडे येऊन बातम्या बघत बसायची. विमानाच्या पोटातून खोकी उतरताना दिसली की सरसावून बसायची, पण त्या खोक्यांमागे कधी आपला माणूस दिसला नाही.

तिकडे काय झालं ते सुभेदारांनी पुढे मला सांगितलं, एका बैठकीत नाही, तुकड्या-तुकड्यानं. बरंचसं आमच्या सामाईक ओट्यावर, संध्याकाळी.

त्यांच्या तुकडीचा मुक्काम चहामळ्यांच्या भागात होता. तुकडीवर एक तरुण कॅप्टन. दुभाष्या म्हणून सेल्वा नावाचा तिथलाच एक तमिळ व्हॅनवाला मिळाला होता. तो आखातात आपल्याकडच्या लोकांबरोबर राहून आला होता, त्यामुळे हिंदी बोलायचा. त्या टप्प्याला त्यांच्याकडे एकच पूल शिल्लक होता आणि जागा दोन होत्या. एक जागा मोठ्या रस्त्यावरची: पलीकडे तालुक्याच्या ठिकाणाएवढं गाव, तिथलं इस्पितळ, आणि त्या रस्त्यावर अवलंबून असलेली कितीतरी खेडी. दुसरी जागा आत मळ्यात, एका ओढ्यावर. ओढ्यावरची मोरी वाहून गेली होती आणि पलीकडे चहा खुडणाऱ्या मजुरांच्या दोन-तीन चाळी अडकून पडल्या होत्या. त्यांना हेलिकॉप्टरनं शिधा टाकत होते.

सकाळी मोठ्या रस्त्याची जागा मोजून झाली. कॅप्टन सुभेदारांना साहेबच म्हणायचा; त्यानं विचारलं, "साहेब, तुमचं मत?" सुभेदार म्हणाले, "सर, इथंच. यात विचार करण्यासारखं काही नाही." तिथल्या सरकारचंही तेच म्हणणं होतं. निर्णय तिथंच झाला. मळ्यातल्या लोकांचा निरोप आला होता म्हणून मग ते ओढ्याकडे नुसतं बघून यायला गेले.

ओढा रुंद नव्हता. या काठावरून ओरडलं तर त्या काठावर ऐकू जायचं, पण पाणी असं की बैलाला उचलून नेईल. पलीकडे माणसं जमली होती. पुढे एक म्हातारा, डोक्यावर पोतं घेतलेला. त्याचं नाव मुत्तय्या. त्याच्या शेजारी त्याची बायको. मागे निलगिरीची लांब खोडं तोडून ठेवलेली. म्हातारा ओरडून काही बोलला. सेल्वानं सांगितलं, "विचारतोय, आम्ही ही खोडं टाकू का, की तुम्ही लोखंडाचा पूल घेऊन येताय?"

कॅप्टनला वायरलेसवर बोलावणं आलं होतं, तो जीपकडे गेला होता. सुभेदारांनी काठ पाहिले. पलीकडची माती फुगलेली. त्यावर आत्ता खोड टेकवलं असतं तर काठासकट गेलं असतं, वर चढलेल्या माणसासकट. त्यांनी दोन्ही हात हलवून खूण केली आणि सेल्वाला म्हणाले, "सांग त्यांना, आत्ता टाकू नका. धोका आहे." सेल्वानं ओरडून सांगितलं. पलीकडे सगळ्यांनी माना डोलावल्या. बायका हसल्या, एकीनं हात हलवला. जीपचा हॉर्न वाजला. निघताना सुभेदारांच्या तोंडून सवयीनं हिंदीत गेलं, "अच्छा, आता हूँ."

आपण नाही का म्हणत, "येतो". कुणाच्याही घरून निघताना "जातो" म्हणायचं नाही म्हणून. सेल्वानं तेही ओरडून सांगितलं.

"मला कळलं होतं, बाई," सुभेदार म्हणाले. "सेल्वा ओरडत होता तेव्हाच कळलं, की हे वेगळं ऐकू जाणार. मागं फिरून सांगता आलं असतं, की पूल इकडे येणार नाही. पण समोर एवढी माणसं हसत होती. इतक्या दिवसांत तिकडे कुणी हसताना दिसलं नव्हतं."

मोठ्या रस्त्यावरचा पूल झाला. पहिली गेली ती रुग्णवाहिका. लोकांनी फुलं आणली, शाळेतल्या मुलींनी दोन्ही देशांचे झेंडे हलवले. आपल्याकडच्या टीव्हीवर ते दाखवलं; या वेळी मात्र घोळक्यात सुभेदार अर्धवट दिसले आणि वहिनीनं माझा हात घट्ट धरला. मग तुकडीला परत बोलावणं आलं.

परतल्यावर वसाहतीनं सत्कार ठेवला. कमानीवर मोठा फ्लेक्स लागला. भाषणं झाली. नगरसेवक म्हणाले, सुभेदारांनी परदेशात भारताचं नाव गाजवलं. सुभेदार शाल पांघरून, ओठ मिटून बसले होते. बोलायला उभं केलं तर इतकंच म्हणाले, "पूल चांगला झाला. एकच होता." लोकांना वाटलं, हा त्यांचा नम्रपणा. टाळ्या पडल्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी सेल्वाचा फोन आला. अधूनमधून यायचा, पूल शाबूत आहे, माझी व्हॅन रोज जाते, असलं बोलणं. त्या दिवशी बोलता बोलता त्यानं मळ्यातल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. त्याच्या बायकोला पुरानंतर पसरलेला उंदरांचा ताप, लेप्टो, झाला होता. ओढ्याचं पाणी तोवर उतरलं होतं, काठही वाळले होते. लोक म्हणाले, आता खोडं टाकू आणि तिला ओढा ओलांडून नेऊ. म्हाताऱ्यानं अडवलं. भारताच्या साहेबानं टाकू नका म्हणून सांगितलंय, तो येतोय. रोज तो काठावर येऊन रस्त्याकडे बघत बसायचा. शेवटी बाई डोळे उघडेनाशी झाली तेव्हा त्याच्या पुतण्यांनी त्याला न विचारता खोडं टाकली, तिला खुर्चीत बांधून पलीकडे काढलं आणि सेल्वाच्याच व्हॅनमधून इस्पितळात नेलं, सुभेदारांच्या पुलावरून. उशीर झाला होता.

सांगून झाल्यावर सेल्वा घाबरला. म्हणाला, "साहेब, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आमच्या तमिळमध्येही निघताना 'जाऊन येतो' असंच म्हणतात. सगळ्यांना माहीत असतं, ते नुसतं म्हणायचं असतं."

"मग म्हातारा का थांबला?" सुभेदारांनी विचारलं.

पुढचे दिवस वाईट गेले. सुभेदार घरात असून नसल्यासारखे. निवृत्तीचे कागद झाले, पलटणीनं निरोप दिला, पण त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. टीव्हीवर कुठल्याही देशातल्या पुराची बातमी लागली की उठून बाहेर जायचे. एकदा ओट्यावर मला म्हणाले, "बाई, तुम्ही भाषा शिकवता. 'येतो' म्हणजे काय, सांगा."

मी म्हटलं, "दादा, ती निरोप घ्यायची पद्धत आहे. त्यात वचन नसतं."

"या काठावर नसतं," ते म्हणाले. "पाण्यापलीकडे बसलेल्या माणसाला काय ऐकू जातं?"

मी त्यांना समजावू लागले की तुमचा निर्णय बरोबर होता, मोठ्या पुलामुळे किती लोक वाचले असतील, आणि खोडं टाकू नका हेही त्या घडीला खरंच होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पूल कुठं टाकला त्याबद्दल मला काही वाटत नाही. उद्या पुन्हा विचारलं तरी तीच जागा सांगेन. मी नाही म्हणालो नाही, एवढंच आहे. अण्णांना तोंडावर सांगितलं होतं ना मी? तिथं का जीभ उचलली नाही?"



पुढच्या हिवाळ्यात विहारातर्फे श्रीलंकेची धम्मसहल निघाली. अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचं दर्शन घ्यायचं हे वहिनीचं लग्नापासूनचं स्वप्न. सुभेदारांनी दोघांची नावं दिली. अनुराधपूर झालं, आणि दुसऱ्या दिवशी बाकीची मंडळी कँडीला बुद्धांच्या दंतधातूच्या दर्शनाला गेली तेव्हा हे दोघं सेल्वाच्या व्हॅनमध्ये बसून मळ्याकडे गेले. तिथलं सगळं वहिनीनं मला सांगितलं. सुभेदारांनी त्या दिवसाबद्दल कधी अक्षर काढलं नाही.

मुत्तय्या चाळीसमोरच्या दगडावर बसला होता. त्यानं सुभेदारांना ओळखलं. उठला नाही. सुभेदार त्याच्यासमोर जमिनीवर बसले. सेल्वा मध्ये. म्हाताऱ्यानं एकच विचारलं, "त्या दिवशी तिथं उभा होतास, तेव्हा तुला माहीत होतं का, की तू येणार नाहीस?"

सेल्वानं हिंदीत सांगितलं. सुभेदार म्हणाले, "हो. माहीत होतं."

सेल्वा हळूच म्हणाला, "साहेब, मी सांगतो की वरून हुकूम नंतर आला."

"नाही. मी बोललो तसंच सांग."

सेल्वानं सांगितलं. म्हातारा ओढ्याकडे बघू लागला. वहिनी म्हणाली, तिला वाटलं आता हा शिव्या देईल, आणि दिल्या तर बरं होईल. त्यानं शिव्या दिल्या नाहीत. माफ केलं असंही काही म्हणाला नाही. आत जाऊन एक सतरंजी घेऊन आला आणि वहिनीला बसायला घातली. त्याच्या सुनेनं सगळ्यांना चहा दिला. सगळे प्यायले, म्हाताऱ्याचा पेला तसाच राहिला.

सुभेदारांनी विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"लेच्चुमी."

"म्हणजे आपली लक्ष्मी गं," वहिनी मला सांगताना म्हणाली. "तसं इथं तर घराघरात असतं ते नाव."

ओढ्यावर अजून ती निलगिरीची खोडंच होती. सरकारी पूल मंजूर झालाय असं सेल्वा म्हणाला, पण झाला नव्हता. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन त्यावरून जात-येत होत्या. सुभेदार खाली उतरले, काठ पाहिला, पॅन्ट वर दुमडली. सबंध दुपार ते त्या पुतण्यांबरोबर दगड रचत होते, खोडांना दोर आवळत होते, धरायला एक आडवा वासा बांधत होते. शेवटच्या दोराचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. म्हातारा दगडावरून उठून आला आणि त्यानं ते धरलं. काम झाल्यावर सुभेदारांनी हात जोडले. या वेळी ते काहीही न म्हणता निघाले. व्हॅन वळली तेव्हा वहिनीनं मागे पाहिलं. म्हातारा खोडावर उभा राहून पायानं दाब देऊन बघत होता.

त्यानंतर सुभेदार सुधारले असं म्हणता येणार नाही. हसणं कमीच राहिलं. पण घरात बसेनात. पेठकडच्या डोंगरात पावसाळ्यात तुटणारे पाडे आहेत. वहिनीच्या एका मैत्रिणीची तिकडे अंगणवाडी होती. तिच्या पाड्याला ओढ्यावर छोटासा साकव हवा होता. सुभेदार बस धरून तिकडे जायचे, मग बांधकामवाल्यांच्या कार्यालयात जाऊन बसायचे. तिथले साहेब दिसले की उभे राहायचे, साहेब जेवायला गेले की पुन्हा बसायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर पाड्यावर गेले होते. एक म्हातारी म्हणाली, "सायेब, औंदा व्हईल ना पूल? पावसात लय हाल व्हत्यात."

"आजी, औंदा होईल असं वाटत नाही," सुभेदार म्हणाले. "पुढच्या वर्षीचंही मी आज सांगू शकत नाही. कार्यालयात मात्र जाणार आहे, सोमवारी."

म्हातारीचा चेहरा पडला. पण तिनं आतून नागलीची भाकरी आणून दिली. परतताना बसमध्ये सुभेदार खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बघा, नाही म्हटलं तरी भाकरी देतात माणसं."

तो साकव झाला. मात्र त्याचं काम सुरू व्हायच्या आधीच सुभेदार गेले. सकाळी आंघोळ करून विहारात जायला निघाले होते. ओट्यावर चप्पल घालताना बसले, ते तसेच भिंतीला टेकले. वहिनीची हाक ऐकून मी बाहेर आले तेव्हा सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. पलटणीतून दोन जण आले होते, एक तो कॅप्टन. तो चांगला बोलला. त्या देशातल्या पुलाबद्दल, फुलांबद्दल, झेंडे हलवणाऱ्या मुलींबद्दल. नगरसेवकही बोलले. मुत्तय्याचा ओढा कुणाच्याच बोलण्यात आला नाही, येण्याचं कारणही नव्हतं. तिथं पुढे काय झालं ते माहीत असणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

भन्तेजी सूत्रपठण सुरू करणार, तेवढ्यात शोभावहिनी उभी राहिली. मी तिला ओढून खाली बसवणार होते, मला वाटलं हिला घेरी येतेय. तिची मान खाली नव्हती. ती म्हणाली, "मला थोडं बोलायचंय." आणि तिनं सगळं सांगितलं. ओढा, खोडं, 'आता हूँ', ताप, खुर्चीत बांधून नेलेली बाई. आवाज लहान होता, पण मागे बसलेल्यांनाही ऐकू गेलं असावं, कारण कुणी हललं नाही. कॅप्टन खाली बघत होता.

"सुभेदार रोज सकाळी इथं दिवा लावताना तिचं नाव घ्यायचे," वहिनी म्हणाली. "आज तिचंही घ्या. तिच्याकडून इथं कुणी नाही."

भन्तेजींनी विचारलं, "नाव काय, ताई?"

"लेच्चुमी."

त्यांना ते पहिल्यांदा नीट म्हणता आलं नाही. त्यांनी वहिनीकडून पुन्हा ऐकलं, ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. त्यांनी दोन्ही नावं घेतली, आधी तिचं, मग सुभेदारांचं.